व्याह्यांचे दात, सुनेच्या हिरड्या

आमच्या वाडीत एखाद्या पोटुशी बाईची दाढ ठणकायला लागली किंवा हिरड्या सुजल्या, तरी तिला महाडला दाताच्या डॉक्टरकडे परवापर्यंत कोणी पाठवत नव्हतं. "डायवरच्या सुनेचं काय झालं, ठाव नाय तुला?" असं विचारायचे आणि विषय तिथंच संपायचा. तो डायवर मी. एसटीत जन्म गेला. महाड आगाराच्या गाड्या घाटात वरखाली करता करता निवृत्त झालो. गरोदरपणात दात साफ केले म्हणून माझ्या सुनेचं पोर दिवस भरायच्या आधी झालं, असं वाडीत सांगायचे. ते पहिल्यांदा सांगितलं मीच. ते खरं नाही हे मला सांगतानाच माहीत होतं.

मग सांगितलं कशाला? मला माझ्या व्याह्यांचा हेवा वाटत होता, म्हणून.

व्याही दासगावचे. रस्त्याला लागून घर, घरापुढं पिठाची गिरण, दारात व्हॅन, महाडचा बाजार जवळ. आमची वाडी पोलादपूरच्या वर, घाटाच्या पोटात. व्याही माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, पण तोंडात सगळे दात शाबूत. माझ्या पोटदुखीची सुरुवात तिथून झाली. गाडीवर डुलकी लागू नये म्हणून मी तरुणपणापासून गालात तंबाखूची चिमूट धरायचो. पन्नाशीत दात हलायला लागले आणि निवृत्तीच्या आधी कवळी आली. लग्नाची बोलणी करायला व्याही आमच्याकडे आले, तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी परसातल्या उसाचं कांडं मागून घेतलं आणि दातांनी सोलून सगळ्यांदेखत खाल्लं. शेजारची काकी, जिच्या तोंडाला कधीच कुलूप नसतं, ती म्हणाली, "इवाय बघा कसं हायत. नि आमचा डायवर चहात बटर बुडवून खातो." सगळे हसले. मीही हसलो, तोंड मिटून.

माझी बायको मुलाच्या लग्नाआधीच गेली होती. मुलगा मुंबईत, चार जणांत मिळून एक खोली. तिथं बायकोला नेण्याची सोय नव्हती. त्यामुळे सून माझ्याकडे राहिली. बायको गेल्यावर ज्या घरात मी भात लावून लोणच्याशी खात होतो, त्या घरात पुन्हा फोडणीचा वास आला. ती शांत पोरगी. मला मामा म्हणायची, पाणी तापलं की हाक मारायची, माझी औषधं वेळेवर समोर ठेवायची. ही माझी लेकच आहे असं मला वाटायला लागलं होतं. मग रविवारी व्याही व्हॅन घेऊन वर यायचे, गिरणीतलं ताजं पीठ पिशवीत घालून. व्हॅनचा आवाज वळणावर आला की ती हातातलं काम टाकून अंगणात जायची. असा उजळलेला चेहरा माझ्यासाठी तिनं कधी केला नव्हता. पीठ पोलादपूरलाही मिळतं, असं मी एकदा तिला म्हणालोही. ती म्हणाली, "बाबांचं पीठ बारीक असतं." मला तेही लागलं.

तिला दिवस गेले. सुरुवातीला ओकाऱ्यांनी हैराण झाली. ते जरा कमी झालं तर एका सकाळी न्हाणीच्या दगडावर मला गुलाबी फेस दिसला.

"काय गो हे?"

"ब्रश लावला की रक्त येतं, मामा. हिरड्या सुजल्यात."

"उष्णता असेल."

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला गेली तेव्हा तिनं नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, या दिवसांत हिरड्या लवकर सुजतात, अंगावर काढू नका, दाताच्या डॉक्टरला दाखवून घ्या. घरी आल्या आल्या तिनं बाबांना फोन लावला. ते पलीकडून मोठ्यानं बोलायचे, गिरणीत बोलायची सवय. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "उद्याच येतो. महाडला चांगली डॉक्टरीण हाय. दाखवून आणतो नि संध्याकाळपर्यंत परत सोडतो."

सरळ गोष्ट होती. मी हो म्हणायला हवं होतं, किंवा मीच तिला एसटीनं न्यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं आलं ते असं: व्याही व्हॅन घेऊन येणार, हिला पुढं बसवणार, डॉक्टरला दाखवणार, बरी करणार आणि वाडी म्हणणार, बघा, बापानं केलं. मी फोन मागून घेतला.

"व्याहीबुवा, मी हा रस्ता जन्मभर चालवलाय. पोटुशीला ह्या खड्ड्यांतनं नाचवू नका."

"एवढा खराब हाय का हो?"

"मला विचारता?"

ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर राहू द्या. पण रक्ताचं काय?"

"ते माझ्यावर सोपवा."

रस्ता तेव्हा काही एवढा वाईट नव्हता. माझ्या गाडीतून कितीतरी बायका बाळंतपणाला महाडला गेल्या आणि पोरं कडेवर घेऊन परत आल्या. पण रस्त्याबद्दल ड्रायव्हरचा शब्द कोण खोडणार?

आता माझ्यावर सोपवलं म्हटल्यावर काहीतरी करणं भाग होतं. आमच्याकडे बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची आणि ती पूड बोटानं दातांना चोळायची. माझी आई लावायची, बायको लावायची. मिश्रीनं हिरडी आवळते, अशी आमच्याकडे समजूत आहे. सुनेच्या माहेरी ही रीत नव्हती. ती ब्रश आणि पेस्ट घेऊन आमच्याकडे आली होती. मी पोलादपूरच्या बाजारातून पानाची तंबाखू आणली. सून नदीवर धुणं घेऊन गेली असताना चुलीवर तवा ठेवला. धुरानं ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण बायकोला करताना इतके वेळा पाहिलं होतं की हात चुकला नाही. तिच्याच गोल डबीत मी ती भरली. हे काम करताना मी किती खूश होतो, ते आज लिहायला लाज वाटते.

सुनेनं डबी उघडून वास घेतला. "मामा, ही तंबाखू ना?"

"भाजल्यावर तंबाखू राहते कुठं? तुझ्या सासूनं जन्मभर लावली."

"चालते का पण आता?"

"तुझा नवरा पोटात होता तेव्हाही लावत होती. बघ केवढा झालाय." आणि वर म्हणालो, "तुझ्या बाबांना नको सांगू. त्यांना आपल्या वाडीचं काही पटत नाय."

पहिल्या दिवशी तिला चक्कर आली, खाल्लेलं सगळं ओकून पडलं. दोन-चार दिवसांत सवय झाली. आणि खरोखर रक्त यायचं कमी झालं, मग जवळजवळ थांबलं. दुखतही नाही म्हणाली. मी त्याच दिवशी व्याह्यांना फोन केला.

"थांबलं रक्त."

"काय सांगता. डॉक्टरशिवाय?"

"आमच्याकडं डॉक्टर घरातच असतो."

ते मोठ्यानं हसले. "मानलं तुम्हाला, डायवरसाहेब."

त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस चढून होतो. कशानं थांबलं हे त्यांनी विचारलं, तेव्हा मी "घरचा पाला" म्हणून वेळ मारून नेली. सून आता सकाळी एकदा लावून थांबत नव्हती. जेवण झालं की लावायची, दुपारी भिंतीला टेकून बोट तोंडात घालून बसायची. "मामा, डबी संपत आली," असं म्हणाली की मी तवा चढवायचो. काळं बोट तोंडात घालून बसलेली ती मला आमच्या वाडीची वाटायची, दासगावची नाही. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल, मी येऊ दिलं नाही.

सातव्या महिन्यात तिला माहेरी न्यायला व्याही आणि विहीणबाई आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिथं मला तोंड उघडता येत नव्हतं. विहीणबाईंनी लेकीला जवळ घेतलं आणि लगेच मागं सरल्या.

"तोंडाला कसला वास येतो गो?"

"काय नाय, आई."

"उघड बघू तोंड."

तिनं उघडलं. मी दारात उभा होतो, मलाही दिसलं. हिरड्या जांभळ्या, फुगून दातांवर आलेल्या, आणि दातांच्या मुळाशी काळी रेघ. इतके दिवस एका घरात राहून मी तिच्या तोंडात एकदाही पाहिलं नव्हतं. रक्त थांबलं एवढ्यावर मी खूश होतो.

"मिश्री?" व्याही म्हणाले. "कोणी दिली तुला ही?"

माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेलं पाण्याचं तांब्या-भांडं होतं. मी ते खाली ठेवलं नाही आणि बोललोही नाही. सुनेनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच लावायला लागले. शेजारच्या काकींकडं मागितली."

"तुला शिकवलं काय नि तू करतेस काय? पोटात पोर नि तोंडात तंबाखू?" व्याही कधी तिच्यावर आवाज चढवत नसत. ती खाली मान घालून ऐकत राहिली. तिनं मला झाकलं, हे मला कळलं. पण त्या क्षणी मनात कृतज्ञता आली नाही. व्याही तिच्यावर चिडले म्हणून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

तिला घेऊन ते सरळ महाडला डॉक्टरकडे निघाले, आणि मी व्हॅनमध्ये मागं जाऊन बसलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. ते दोघं माझ्यामागं काय बोलतील, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरीण आमच्या मुलांच्या वयाची. तिनं नीट तपासलं. मग आम्हा दोन म्हाताऱ्यांना समोर बसवून सांगितलं, "मिश्री म्हणजे तंबाखूच, काका. तंबाखूनं हिरडीचं रक्त कमी होतं, म्हणून बरं झाल्यासारखं वाटतं. आतला आजार चालूच राहतो, वाढतो. आणि ती तंबाखू रक्तातून बाळापर्यंत पोचते. मूल बारीक होतं, वेळेआधी होऊ शकतं. आजपासून बंद."

"आणि आता दात साफ केले तर बाळाला काय होणार नाय ना?" व्याह्यांनी विचारलं.

"काही नाही. खरं तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच यायला हवं होतं. हिरड्या अशा सुजलेल्या ठेवणं जास्त वाईट. हिरड्यांच्या आजाराचा आणि लवकर बाळंतपणाचा संबंध आहे असं दिसतं. अमक्या बाईचं त्यामुळंच झालं असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. पण साफ केल्यानं होत नाही, हे मी सांगते."

हे सगळं मी व्याह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं. पुढं जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं कोणी म्हणू नये म्हणून हे लिहिलं.

दात साफ झाले. सून दासगावला राहिली, मिश्री सुटली, सूजही उतरत होती म्हणे. पण फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी फोन आला, कळा सुरू झाल्या, महाडच्या इस्पितळात नेलंय. मी पोचेपर्यंत नात झाली होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अंगापेक्षा कातडी मोठी झाल्यासारखी, जणू कोणा दुसऱ्या बाळाचं झबलं घातलंय. तिला ओढून दूध पिण्याची ताकद नव्हती; सुनेचं दूध काढून थेंबथेंब देत होते. डॉक्टर म्हणाले, काही दिवस काही सांगता येणार नाही.

बाहेर बाकावर व्याही बसले होते. रडत होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"डायवरसाहेब, कुठं चुकलं हो आपलं?"

आपलं म्हणाले ते. मला एक वाक्य बोलायचं होतं, मिश्री मी दिली. मी त्यांच्याकडे वळलो. रडताना त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते सगळे पांढरे दात दिसत होते. त्या वेळीसुद्धा माझी नजर तिथंच गेली. मी म्हणालो, "मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. ह्या रस्त्यानं नेऊ नका. आणि वर ते दाताचं मशीन, केवढी घरघर त्याची. पोटातलं पोर दचकणार नाय तर काय?"

"डॉक्टर बोलली काय होणार नाय म्हणून."

"डॉक्टर बोलणारच."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. इतक्या सहज पटेल असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी मुलगा मुंबईहून आला, त्याला मी हेच सांगितलं. वाडीत परतल्यावर काकीला सांगितलं, म्हणजे सगळ्या वाडीला सांगितलं.

नात जगली. आता शाळेत जाते. वर्गात सगळ्यांत लहानखुरी आहे, वारा फिरला की खोकते, पण बोलायला काकीच्या वरताण.

त्यानंतरच्या वर्षांत व्याही बदलले. माझी थट्टा करायचे थांबले. मुंबईला जायचं असलं तरी आधी फोन करायचे, "वीर स्टेशनला जाऊन रेल्वे पकडू की एसटी बरी, तुमचं काय म्हणणं?" नातीला ताप आला की तिच्या बापाला, माझ्या मुलाला नाही, मला विचारायचे. आमच्याकडे आले की दरवाज्याजवळ बसायचे. ज्या माणसाचा मी हेवा करत आलो, तो माझ्यापुढं लहान होऊन बसायचा, आणि मला ते आवडायचं. वाडीतल्या एका सुनेची दाढ पिकून गाल फुगला, ती पोटुशी होती, तेव्हा तिच्या सासूनं माझ्याकडे निरोप पाठवला, काय करू? मी म्हणालो, थांबा. ती पोर कित्येक दिवस पेजेवर राहिली, कुशीवर झोपू शकली नाही. तिचं मूल नीट झालं. तेही मी माझ्याच शहाणपणाच्या खात्यात घातलं.

मग सून दुसऱ्यांदा पोटुशी राहिली. या वेळी विहीणबाईंनी तिला तिसऱ्याच महिन्यात दासगावला नेलं. तिथून एक दिवस तिचा फोन आला.

"मामा, हिरड्यांतनं परत रक्त येतंय."

"मग डॉक्टरला दाखवा."

"बाबा नेत नाय. म्हणतात, एकदा माझ्या हातून चूक झाली, परत नाय. ह्यांना पण फोन करून तेच सांगितलंय. आई बोलली तर तिच्यावर चिडले." मग म्हणाली, "तुमचं ऐकतील ते. तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

ती म्हणाली, "मामा, मी आजपर्यंत काय बोलले नाय. पण ह्या वेळेला मी काकींचं नाव नाय घेणार."

फोन ठेवल्यावर मी दोन दिवस काढले. नुसतं "न्या तिला, काही होत नाही" असं सांगून भागेल का, याचा विचार केला. भागलं नसतं. व्याही विचारणार, मग तेव्हा काय झालं होतं? आणि त्याचं उत्तर एकच होतं. ते दिलं की माझ्यापुढं दरवाज्याजवळ बसणारा तो माणूस गेला. त्याची झालेली सवय मला सोडवत नव्हती. पण सुनेला पाचवा महिना लागायला आला होता, आणि डॉक्टरणीचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी एसटीनं दासगावला उतरलो. व्याही गिरणीत होते. पट्टा फिरत होता, दोन बायका तांदळाचे डबे घेऊन उभ्या होत्या.

"सुनेला डॉक्टरकडे न्या," मी म्हणालो.

"काय?"

"दाताच्या डॉक्टरकडे न्या तिला."

"ऐकू येत नाय."

मी आणखी मोठ्यानं म्हणालो, "मिश्री मी दिली होती."

त्यांनी बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. बायका घरी जायचं सोडून डबे मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

"परत बोला."

"काकीनं नाय. मी तंबाखू आणली, मी भाजली, मी दिली. दोनदा-तीनदा डबी भरून दिली."

"डॉक्टरीण बोलली तेव्हा तुम्ही माझ्या बाजूला बसला होतात."

"हो."

"सगळं ऐकलंत."

"ऐकलं."

"तरी इस्पितळात मला तसं बोललात?"

"हो."

"का?"

एसटीत बसून मी पुष्कळ शब्द जुळवले होते. घाबरलो होतो, मुलाला तोंड कसं दाखवू, असलं काहीबाही. त्यातलं एकही पुढं आलं नाही. "तुमचे दात मला बघवत नव्हते," मी म्हणालो.

बाकावरची एक बाई फिसकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. व्याही माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांच्या भुवयांवर, मिशीवर पीठ होतं. "नात खोकली की मला वाटायचं, हे मी केलं," ते म्हणाले. "वर्गात मागं पडली तरी वाटायचं, मी केलं. पोरीला किती बोललो मी मिश्रीवरनं. ती ऐकून घ्यायची."

मी कोपऱ्यात सरकलो.

"दळण राहिलंय लोकांचं," असं म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. दोन्ही बायकांचे तांदूळ दळून दिले. मी तसाच कोपऱ्यात उभा. मग कपडे झटकून ते घरात गेले आणि लेकीला हाक मारली. थोड्या वेळानं दोघं बाहेर आली. व्हॅन महाडच्या दिशेनं निघाली. मला बसा म्हणाले नाहीत. मी थांब्याकडे चालत गेलो. व्हॅन माझ्या शेजारून गेली तेव्हा सुनेनं काचेतून हात केला. व्याह्यांनी समोर बघितलं.

मुलाला मी फोनवर सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्यानंतर महिनाभर तो बोलला तेवढंच.

डॉक्टरणीनं हिरड्या साफ केल्या, मऊ ब्रश दिला, ओकारी झाल्यावर लगेच दात न घासता आधी नुसती चूळ भरायला सांगितली, पुन्हा एकदा बोलावून तपासलं. हे मला विहीणबाईंकडून कळलं. व्याही फोन उचलत, "हाय बरी" म्हणत आणि तिच्याकडे देत. दिवस भरून नातू झाला. चांगला वजनदार, पहिल्याच दिवसापासून अंगावर प्यायला लागला. हिरड्या साफ केल्या म्हणून झाला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणच म्हणत नाही तर मी कोण. एकदा या विषयात मी नको तेवढं ठामपणानं बोललो आहे.

बारशाला आमच्या वाडीतून एक जीप भरून माणसं दासगावला गेली. बायका आत पाळण्याभोवती, आम्ही पुरुष पडवीत. घुगऱ्या वाटून झाल्या. काकी बाळाला घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांना दाखवत म्हणाली, "बघा कसा गुटगुटीत हाय. ह्या वेळेला दातांना हात लावून दिला नाय ना, त्याचं हे फळ."

आतल्या बायका हो हो म्हणाल्या. काकीच्या मागोमाग बाहेर आलेल्या सुनेनं माझ्याकडे बघितलं. व्याही पाहुण्यांना पाणी देत होते. त्यांनी बघितलं नाही, पण हातातला पेला तसाच राहिला.

"लावला हात," मी म्हणालो. "डॉक्टरणीनं साफ केले. पहिल्या वेळीही साफ केल्यानं काही झालं नव्हतं. तेव्हा तिला मिश्री मी लावायला दिली होती, आणि दोष व्याह्यांवर ढकलला. वाडीत सगळ्यांनी जे ऐकलंय, ते खोटं हाय. मी बोललेलं खोटं."

काकीला समजायला थोडा वेळ लागला. "मिश्री तू दिलीस? नि हिनं सांगितलं कोणाचं नाव?"

"तुझं."

"माझं?" तिनं बाळ सुनेकडे दिलं. "म्हणून विहीणबाई मला हळदीकुंकवाला आत बसा म्हणत नव्हत्या होय? मी म्हणते, दासगावची माणसं अशी काय कोरडी."

विहीणबाई उठून तिच्याजवळ गेल्या, तिच्या हाताला धरून म्हणाल्या, "चुकलं हो काकी, चला आत." हसूही आलं काहींना. मला वाटलं होतं, आता मला बोलतील, शिव्या देतील. मी तयार होतो. पण आमच्या वाडीतली एक नवी सून, तिला चौथा महिना, दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं विचारलं, "ती डॉक्टरीण कुठं बसते हो?"

प्रश्न तिनं व्याह्यांना विचारला.

"महाडला, बाजारातनं आत वळलीस की उजव्या हाताला जिना हाय," व्याही सांगायला लागले. "थांब, तू एकटी कशाला जातेस. शनिवारी व्हॅन रिकामी असते, मी येतो वर. आणखी कोणी हाय का? दोघीतिघी असाल तर एकदाच होईल."

आणखी एकजण हो म्हणाली. मग तिच्या सासूनं विचारलं, दुखतं का. मग कोणी विचारलं, किती वेळ लागतो, उपाशी जायचं का. सगळ्या व्याह्यांभोवती जमल्या. ते एकेकीला नीट सांगत होते, सावकाश, जे जे डॉक्टरणीनं सांगितलं होतं ते सगळं. ते हसले तेव्हा मी पुन्हा त्यांच्या दातांकडे बघितलं.

तो दवाखाना मलाही माहीत होता. जिना कुठून चढायचा, आत गेल्यावर कुठं बसायचं, सगळं. डॉक्टरीण काय म्हणाली ते तर मी त्यांच्याइतकंच ऐकलं होतं. पण मला कोणी विचारलं नाही. मी हातातल्या घुगऱ्या खात पडवीच्या कडेला बसून राहिलो, आणि ते मला खुपत राहिलं.